जळालेल्या रानात परत जाताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओढ्याकाठच्या ज्या रानात तुम्ही दहा-बारा वर्षं जात होता, ते गेल्या उन्हाळ्यात वणव्यात जळलं. आता तिथे जावं की नको? गेलं तर केव्हा? झाडं मेली की जगली हे कसं ओळखायचं? आपण रोपं लावावीत का? ते रान पुन्हा पहिल्यासारखं होईल का? आणि शेवटी, आठ वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावं का?

वणव्यानंतर जळिताची पाहणी करणं हे माझं वीसेक वर्षांचं काम आहे. त्या अनुभवावरून सांगते: जा. पण एकदाच जाऊन येऊ नका, आणि पहिल्या भेटीत कशाचाही निकाल लावू नका. ही दुसरी गोष्ट मी चूक करून शिकले. कामाच्या सुरुवातीच्या काळात एका उतारावरच्या झाडांची नोंद करायला आम्ही आग विझल्यावर तिसऱ्या आठवड्यात गेलो होतो. पानं नाहीत, खोडं कोळशासारखी काळी, साल तडकलेली. मी खडूने फुल्या मारत गेले आणि वहीत 'मृत' लिहीत गेले. पहिला पाऊस होऊन गेल्यावर त्याच उतारावर परत गेले, तेव्हा माझ्या फुल्या अजून पुसट दिसत होत्या, आणि त्यातल्या कितीतरी झाडांच्या बुंध्याशी लालसर कोवळे धुमारे टरारून वर आले होते. एका झाडाला तर गुडघ्याएवढे फुटवे होते आणि त्यांच्या वर माझी फुली. त्या दिवसापासून पहिल्या पाहणीत 'मृत' हा शब्द मी लिहीत नाही.

उलटही होतं, आणि तेही तुम्हाला माहीत असायला हवं. पाइनसारखी सूचिपर्णी झाडं आगीनंतर हिरवी दिसतात, सगळे हायसं वाटून घरी जातात, आणि दोन-तीन वर्षांनी तीच झाडं वाळतात. आगीने अंतरसाल अर्धवट मेलेली असते, झाड अशक्त झालेलं असतं आणि साल पोखरणारे भुंगे नेमकी अशीच झाडं शोधून काढतात. म्हणून म्हणते, पहिल्या भेटीत आशाही ठरवू नका आणि शोकही.

केव्हा जायचं

वनखात्याने किंवा ज्यांच्या ताब्यात ती जागा आहे त्यांनी वाट खुली केल्याशिवाय जाऊ नका. हे नियमासाठी नियम म्हणून सांगत नाही. वणवा विझला असं जाहीर झाल्यावरही जमिनीखाली मुळं आठवडेच्या आठवडे धुमसत राहू शकतात. पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जाड थराच्या, दलदलीत तर महिनोन्‌महिने. जिथे मोठा बुंधा आतून जळून गेला असेल तिथे वर राखेची साय आणि खाली निखाऱ्यांची पोकळी असते. त्यावर पाय पडला की माणूस गुडघ्यापर्यंत आत जातो. पांढऱ्या राखेचा गोल डाग दिसला आणि आजूबाजूला उभं खोड नसलं, तर तिथे काठीने टोचून पाहिल्याशिवाय पाऊल टाकू नका.

दुसरा धोका डोक्यावर असतो. जळालेली झाडं वारा नसतानाही पडतात, आवाज न करता फांद्या सोडतात. वारा सुटला की परत फिरायचं, मग वाट कितीही थोडी उरलेली असो. डबा खायला किंवा विसाव्याला उभ्या मेलेल्या झाडाखाली बसू नका.

तिसरा धोका पावसाचा, आणि लोक तो सगळ्यात कमी लेखतात. झाडांच्या पाचोळ्यातली मेणचट द्रव्यं आगीत वाफ होऊन मातीत शिरतात आणि खालच्या गार थरात गोठतात. मातीत पाणी मुरू न देणारा एक थरच तयार होतो. मग नेहमीच्या पावसानेसुद्धा उतारावरून चिखल, दगड आणि ओंडक्यांचा लोंढा सुटू शकतो. कॅलिफोर्नियात डिसेंबर 2017 मध्ये टॉमस नावाचा वणवा पेटला होता. त्यात उघड्या झालेल्या डोंगरांवर 9 जानेवारी 2018 च्या पहाटे जोराचा पाऊस पडला आणि खालच्या माँटेसिटो गावावर असा लोंढा येऊन 23 माणसं गेली. तुमची जागा ओढ्याकाठी आहे. पाऊस पडत असताना, किंवा वरच्या बाजूला आभाळ काळं झालं असताना, त्या ओढ्याच्या पात्रात उतरू नका. पहिली एक-दोन वर्षं हे कटाक्षाने पाळा.

खाली बघा

पहिल्यांदा जाणारा माणूस वर बघतो, काळे सांगाडे पाहतो आणि हबकतो. तुम्ही आधी खाली बघा. रानाचं पुढचं भवितव्य बरंचसं जमिनीत लिहिलेलं असतं.

राखेचा रंग पाहा. काळी राख, अर्धवट जळलेल्या काड्या, पानांचे ओळखू येणारे तुकडे, असं असेल तर आग वरून पळत गेली, जमिनीवर रेंगाळली नाही. दोन बोटं मातीत खुपसा. खाली बारीक मुळं लवचीक आहेत, ओढली तर ताणतात, तुटतानाही चिवटपणा दाखवतात, तर माती जिवंत आहे. माती उष्णता फार सावकाश खाली जाऊ देते. आग वेगाने गेली असेल तर चार बोटं खाली गाठी, कंद, बिया, किडे सुखरूप राहतात. राख पांढरी, भुरभुरीत आणि जाड असेल तर तिथे आग बराच वेळ बसली होती. कुठेकुठे तुम्हाला जमिनीवर पडलेल्या झाडाची आकृती दिसेल: झाड नाही, नुसती पांढऱ्या राखेची लांब रेघ, फांद्यांच्या खुणांसकट. ओंडका तासन्‌तास जळत राहून पूर्ण संपलेला असतो. ती राख हलकेच बाजूला केलीत तर खालची माती विटेसारखी तांबूस झालेली दिसेल. तिथली बी गेली, मुळं गेली. पण ती रेघ हातभर रुंद असते आणि बाजूलाच काळी माती असते. जळीत कधीच एकसारखं नसतं, हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर अशा एका रेघेशी दहा मिनिटं बसा.

पाण्याची बाटली उघडा आणि राख सारून मातीवर चार थेंब टाका. थेंब लगेच मुरले तर बरं. पाच सेकंदांहून जास्त वेळ मोत्यासारखे उभे राहिले तर तो मेणचट थर आहे. वरच्या मातीवर काही दिसलं नाही तर बोटभर खाली उकरून पुन्हा पाहा. बरेचदा थर तिथे असतो.

आता वर बघा. पानं तपकिरी होऊन फांदीवरच लटकली असतील तर ती उष्णतेने होरपळली, पेटली नाहीत. ही पानं लवकरच गळतील. ती गळलेली पाहून वाईट वाटून घेऊ नका. पावसाचा मारा तीच झेलतात आणि उघडी माती धुपू देत नाहीत. ती झाडून गोळा करू नका. जिथे पानं आणि करंगळीएवढ्या काटक्याही उरलेल्या नाहीत, तिथे आग शेंड्यांवरून गेली.

एकेका झाडाचं म्हणाल तर सगळा प्रश्न सालीखालच्या त्या ओल्या पातळ थराचा आहे, जिथून झाड वाढतं. तो साधारण 60 अंश सेल्सिअसला मरतो. साल त्याचं चिलखत. साल दुप्पट जाड असेल तर उष्णता आत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो, म्हणून जुनी जाड सालीची झाडं काळी होऊनही आतून शाबूत असतात आणि शेजारची पातळ सालीची कोवळी झाडं फार न भाजताही जातात. तपासताना खोडाच्या सगळ्या बाजू पाहा. वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूला ज्वाळा खोडामागे भोवरा करून वर चढतात, त्यामुळे आडोशाची वाटणारी बाजूच जास्त भाजलेली असते. नखाने किंवा चाकूच्या टोकाने नखाएवढीच जागा खरवडा. आत हिरवट किंवा मलईच्या रंगाचं आणि ओलसर असेल तर त्या बाजूला जीव आहे. तपकिरी, कोरडं किंवा आंबूस वासाचं असेल तर ती बाजू गेली. एकदोन झाडांवर करून पाहा, पुरे. जखमी झाडाला आणखी शंभर जखमा नकोत.

कोण आधी येतं

बहुतेक लोक झाडांची वाट पाहत बसतात आणि त्याआधी आलेले पाहुणे त्यांना दिसतच नाहीत. मेलानोफिला नावाचे काळे भुंगे आहेत, त्यांच्या छातीच्या खालच्या बाजूला उष्णतेचे किरण ओळखणारी इंद्रियं असतात. ते आगीपासून पळत नाहीत, आगीकडे येतात, कारण त्यांची अंडी ताज्या जळलेल्या लाकडातच घालायची असतात. भुंग्यांच्या अळ्यांमागे सुतार पक्षी येतात. उत्तर अमेरिकेत काळ्या पाठीचा एक सुतार तर जळितातच सुखाने राहतो. कोळशाच्या खोडावर बसला की पाठ आणि खोड वेगळं काढता येत नाही. राखेवर महिन्या-दोन महिन्यांत पोपटी शेवाळ्याची मखमल येते. मग जांभळ्या-गुलाबी तुऱ्यांचं फायरवीड, जे उत्तर गोलार्धातल्या थंड प्रदेशांत जळीत झालं की उगवतं.

बियांना आग लागून गेली हे कळतं कसं, हे कोडं बराच काळ होतं. 2004 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धुरातलं एक द्रव्य वेगळं काढलं, ज्याच्या अगदी अल्प मात्रेनेही बिया रुजतात. पुढे अशा द्रव्यांना कॅरिकिन हे नाव मिळालं, तिथल्या नूंगर लोकांच्या भाषेतल्या धुराच्या शब्दावरून. पाचपन्नास वर्षं मातीत निजलेली बी धुरात भिजलेल्या पहिल्या पावसाने जागी होते. म्हणून पहिल्या-दुसऱ्या वर्षी तुम्हाला त्या रानात अशी फुलं दिसतील जी तुम्ही तिथे कधीच पाहिली नव्हती. ती बाहेरून आलेली नाहीत. ती तुमच्या पायाखालीच होती.

पहिल्यासारखं होईल का

याचं खरं उत्तर रान कोणत्या जातीचं आहे त्यावर आहे, आणि मी गोड बोलून वेळ मारून नेणार नाही.

पानगळीच्या रानात, म्हणजे साग, पळस, तेंदू अशा झाडांच्या रानात, आग बहुधा पाचोळ्यावरून जमिनीलगत जाते. मोठी झाडं काळवंडतात आणि पालवतात. सागाचं रोप तर वरून पुन्हापुन्हा जळतं आणि खालचं मूळ जाड होत राहतं, मग एखाद्या वर्षी आग चुकली की त्या मुळाच्या जोरावर सरळ वर जातं. अशा रानाचं नुकसान एका वणव्याने कमी आणि दरवर्षीच्या वणव्याने जास्त होतं. रोपं वर निघतच नाहीत, मोठी झाडं म्हातारी होत जातात आणि मोकळ्या जागेत घाणेरी आणि रानमोडी माजते.

ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक निलगिरींच्या सालीखाली खोलवर कळ्या दडलेल्या असतात. 2019-20 च्या उन्हाळ्यातल्या भीषण वणव्यांनंतर काही आठवड्यांतच काळ्या खोडांना बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लव फुटल्यासारखी पालवी आली होती. पण त्याच कुळातली माउंटन ॲश, जगातल्या सगळ्यात उंच सपुष्प झाडांपैकी, तशी फुटत नाहीत. ती मरतात आणि राखेत बी सांडून नवी पिढी उभी करतात. त्या पिढीला बी धरायला पंधरा-वीस वर्षं लागतात. त्याआधी दुसरी आग आली तर बीच नसतं आणि ते जंगल तिथून उठतं.

अमेरिकेतल्या यलोस्टोनचं उदाहरण मी नेहमी देते, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. 1988 च्या उन्हाळ्यात त्या राष्ट्रीय उद्यानाचा सुमारे 36 टक्के भाग, तीन लाख हेक्टरांहून जास्त, आगीच्या कक्षेत आला. हजारो माणसं झटत होती, पण आगीचा जोर मोडला तो 11 सप्टेंबरला आलेल्या पाऊस-बर्फाने. यलोस्टोन संपलं असंच तेव्हा बाहेरच्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात मोठे प्राणी सुमारे 300 मेले, त्यातली 246 एल्क हरणं, हजारोंच्या कळपांतली. लॉजपोल पाइनचे राळेने चिकटून बंद असलेले शंकू उष्णतेने उघडले, राखेवर बी पडलं आणि पुढच्या वर्षापासून रोपांची दाटी झाली. कोणी लावली नव्हती ती. परिसंस्थांच्या अभ्यासक मोनिका टर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथला अभ्यास पुढे तीसहून जास्त वर्षं चालू ठेवला. मग 2016 मध्ये त्याच 1988 नंतरच्या तरण्या झाडीला पुन्हा आग लागली. जिथे पूर्वी दीडशे-दोनशे वर्षांनी आग यायची तिथे ती 28 वर्षांत आली, झाडांवर पुरेसं बी साठलेलं नव्हतं, आणि कित्येक ठिकाणी रोपं पहिल्या वेळच्या मानाने फार विरळ आली. माझ्या मते विचारायचा प्रश्न 'किती जळलं' हा नाही. 'मागच्या वेळी केव्हा जळलं होतं' हा आहे. तुमच्या जागेबद्दल तो प्रश्न तिथल्या वनरक्षकाला किंवा जवळपास राहणाऱ्या वयस्क माणसाला विचारा. बाकी कशाहूनही जास्त त्यातून कळेल.

आणि काही जागा आपल्या हयातीत परत येत नाहीत. कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांतले सेक्वाया नावाचे महाकाय वृक्ष आगीबरोबर हजारो वर्षं जगले, पण 2020 च्या एकट्या कॅसल वणव्यात तिथल्या मोठ्या सेक्वायांपैकी 10 ते 14 टक्के मेले असा अंदाज आहे. त्याच वर्षी अमेरिकेतल्याच मोहावी वाळवंटात वणव्याने सुमारे 13 लाख जोशुआ झाडं गेली. सदाहरित दमट रानातली पातळ सालीची झाडं आगीला सरावलेलीच नसतात. तुमचं रान यांपैकी असेल तर 'सगळं परत येईल' असं स्वतःला सांगत बसू नका. ज्या झाडाखाली तुम्ही बसायचात ते गेलं असेल तर ते गेलं, आणि त्याचं दुःख माणसाच्या दुःखाएवढंच खरं आहे. आमच्या कामात कोणी जळिताच्या कडेला उभं राहून रडलं तर आम्ही वही मिटून थांबतो.

रोपं लावू का

निदान एक पूर्ण हंगाम, शक्यतो दोन, काहीही लावू नका. हेतू चांगला असतो, पण राखेतले कोंब इवलेसे असतात आणि रोपं लावायला आलेली वीस माणसं शंभर कोंब तुडवतात. बाहेरचं गवत घाईने पेरलं तर तेच उन्हं आणि ओल ओढून घेतं, स्थानिक रोपं मागे पडतात. दोन हंगामांनंतरही जिथे काहीच उगवलं नसेल, तिथे त्याच परिसरातल्या, साधारण त्याच उंचीवरच्या झाडांचं बी वापरून, वनखात्याशी बोलून मग लावावं. तोवर करण्यासारखं खूप आहे. मळलेली वाट सोडू नका. जाण्यापूर्वी बुटांचे तळवे आणि पँटचे पाय घासून घ्या, कारण परक्या तणांचं बी तिथूनच आत येतं, आणि उघडी जमीन त्याला आयतीच मिळते. घाणेरीसारखं काही डोकं वर काढताना दिसलं तर ती जागा टिपून वनरक्षकाला कळवा; कोवळं असताना उपटणं सोपं जातं. उभी मेलेली झाडं वाटेवर धोकादायक नसतील तर 'साफ करा' असा आग्रह धरू नका. त्यांच्या ढोलीत पुढची कितीतरी वर्षं कोणी ना कोणी राहणार आहे.

माणसाने हात घालावाच अशी वेळही असते. वोलेमी पाइन ही ऑस्ट्रेलियातली प्राचीन जात 1994 मध्ये सापडली, रानातली मोठी झाडं शंभरही नाहीत. 2019-20 ची आग त्या दरीकडे सरकत असताना अग्निशामकांनी हेलिकॉप्टरमधून उतरून तिथे पाण्याचे फवारे बसवले आणि झाडं वाचवली. पण ती धावपळ आगीच्या आधीची होती. आगीनंतर बहुतेक वेळा धीर हेच काम असतं.

मुलीचं

न्या, पण पहिल्या भेटीला नको. पहिल्यांदा तुम्ही एकटे किंवा मोठ्या माणसाबरोबर जा. वाट सुरक्षित आहे का पाहा, तुमचं स्वतःचं जे व्हायचं ते होऊ द्या. तिला पहिल्या चांगल्या पावसानंतर, हिरवं दिसायला लागल्यावर, कोरड्या दिवशी न्या. आधी तिला खरं सांगा: जागा जळली आहे, काही झाडं मेली आहेत, आपण पाहायला चाललो आहोत. पूर्ण बूट, लांब पँट, राख उडत असेल तर मास्क. ओढ्याचं पाणी प्यायचं नाही.

तिथे ओळखू येईल असा एक मोठा दगड निवडा. त्यावर उभं राहून एकाच दिशेने एक फोटो काढा आणि प्रत्येक वेळी तिथूनच, त्याच दिशेने काढा. मग दगडाजवळच हातभर दोरीचा एक गोल जमिनीवर टाका आणि त्यात काय काय आहे ते तिला मोजू द्या: कोंब किती, मुंग्या आहेत का, शेवाळं कुठे आलंय, काळी काडी किती. तिच्या वहीत तारीख घालून तिच्याच अक्षरात लिहू द्या, आणि निघताना दोरी गुंडाळून परत घ्या. दोन महिन्यांनी त्याच दगडाशी पुन्हा तीच दोरी टाका. बुंध्याशी धुमारे आले असतील तर तिला मोजायला ते आधी सापडतील, तिची उंची त्यांच्या जवळ आहे.